माथाडी कायदा: ज्या कामगाराला मालकच नव्हता, त्याला हक्क कसे मिळाले?

टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी थांबतो. सामान उतरवायला सुरुवात होणार, इतक्यात तीन-चार जण पुढे येतात. "हा आमचा एरिया आहे. माल आम्हीच उतरवणार, नाहीतर पैसे द्या," असे म्हणतात. कुणीतरी मोबाइल काढून व्हिडिओ करतो. संध्याकाळपर्यंत तो अनेक ग्रुपवर फिरतो आणि खाली एक ओळ असते: 'माथाडींची दादागिरी'.

असे व्हिडिओ पाहून अनेकांच्या मनात माथाडी हा शब्द खंडणीशी जोडला गेला आहे. पण माथाडी कायदा खंडणीसाठी झालेला नाही. ज्या कष्टकऱ्याला पगारपत्रक नव्हते, सुट्टी नव्हती आणि 'तुझा मालक कोण?' या प्रश्नाचे उत्तरही नव्हते, त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली हा कायदा केला. आज डिलिव्हरी कामगारांच्या हक्कांची चर्चा सुरू झाली की याच कायद्याचा दाखला दिला जातो.

हा कायदा नेमका काय आहे? तो कसा चालतो? आणि त्याच्यापुढच्या अडचणी कोणत्या?

माथाडी म्हणजे कोण?

माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. पण कायद्यातला माथाडी एवढ्यापुरता मर्यादित नाही. माल चढवणे-उतरवणे, वाहून नेणे, थप्पी लावणे, वजन करणे, गोणी भरणे आणि शिवणे, माल निवडणे आणि साफ करणे अशी अंगमेहनतीची कामे करणारे कामगार यात येतात. धान्य आणि किराणा बाजार, कांदा-बटाटा आणि भाजीपाला बाजार, लोखंड बाजार, कापड बाजार, लाकूड आणि खोक्यांचा बाजार, रेल्वेचे मालधक्के, मिठागरे अशी कामांची यादीच कायद्याला जोडलेली आहे.

कायद्याचे पूर्ण नावही बोलके आहे: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९. कायद्यात या कामगारांसाठी 'असंरक्षित कामगार' असा शब्द आहे. म्हणजे इतर कामगार कायद्यांचे छत्र ज्यांच्या डोक्यावर नीट येत नव्हते, असे कामगार.

कायद्याआधी परिस्थिती काय होती?

मुंबईत मशीद बंदर, दाणाबंदर हा घाऊक व्यापाराचा जुना परिसर. गोदीत उतरलेला आणि रेल्वेने आलेला माल इथल्या वखारींत यायचा. तो उचलणारे हात बहुतेक सातारा, सांगली, पुणे अशा जिल्ह्यांतल्या गावांमधून आलेल्या माणसांचे होते. गावी कोरडवाहू तुकडा, त्यावर घर चालत नाही, म्हणून मुंबई गाठायची आणि गाववाल्याच्या ओळखीने एखाद्या टोळीत शिरायचे, असा अनेकांचा प्रवास होता.

काम मिळायचे ते मुकादमाकडून किंवा टोळीवाल्याकडून. व्यापारी पैसे द्यायचा टोळीवाल्याच्या हातात. त्यातले किती खाली पोहोचणार, हे टोळीवाला ठरवायचा. मजुरी नगावर. माल आला तर कमाई, नाही आला तर दिवस फुकट. पाय मोडला तर गावी जायचे. म्हातारपणी तर जायचेच, आणि तेही रिकाम्या हाताने.

मग आधीचे कामगार कायदे का लागू होत नव्हते?

सगळा घोळ एका प्रश्नापाशी होता: मालक कोण?

कामगार कायद्यांची रचना साधारणपणे कारखाना डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते. एक मालक, त्याच्या हजेरीपटावरचे कामगार, ठरलेली वेळ, ठरलेला पगार. हमाल मात्र सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्याच ट्रकवर. पैसे मागायला गेला तर व्यापारी म्हणणार, "मी टोळीवाल्याला दिले." टोळीवाला म्हणणार, "मी काही मालक नाही, मी फक्त माणसे आणतो." ट्रकवाला म्हणणार, "माझा संबंध भाड्यापुरता."

काम सगळ्यांचे होत होते, जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती.

कायदा कसा झाला?

१९६० च्या दशकात अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईतल्या माथाडींना संघटित करायला सुरुवात केली. मूळचे सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातले. आज त्यांचे नाव अनेकांना आर्थिक विकास महामंडळाच्या कर्ज योजनेमुळे माहीत असते, पण त्यांची मूळ ओळख माथाडींचे नेते ही होती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी त्याआधीच, १९५० च्या दशकात, हमाल पंचायत उभी केली होती. मोर्चे, काम बंद, वाटाघाटी असा हा लढा चालला.

या दबावानंतर राज्य सरकारने १९६५ साली एक समिती नेमली. आहे त्या कायद्यांच्या चौकटीत या कामगारांना काही दिलासा देता येईल का, हे तिने तपासायचे होते. समितीने १९६७ साली अहवाल दिला. माथाडी, हमाल, लोखंडी जथ्यातले कामगार, मिठागर कामगार यांना आहे त्या कायद्यांतून पुरेसे संरक्षण मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यातून वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ चा कायदा आला.

कल्पना अगदी शून्यातून आलेली नव्हती. बंदरांवरच्या रोजंदारी कामगारांसाठी केंद्राने १९४८ सालीच गोदी कामगार कायदा केला होता आणि त्याखाली गोदी कामगार मंडळे स्थापन झाली होती. महाराष्ट्राने ती कल्पना बंदराच्या बाहेर, बाजारपेठेत आणली.

माथाडी मंडळ नेमके काय करते?

कायद्याने 'मालक कोण?' हा वाद मिटवत बसण्यापेक्षा एक वेगळी वाट काढली. व्यापारी आणि कामगार यांच्या मध्ये टोळीवाल्याच्या जागी एक मंडळ बसवले.

मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. सरकारी प्रतिनिधींची संख्या या दोघांच्या एकूण संख्येच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त असू शकत नाही. अध्यक्ष सरकारी प्रतिनिधींपैकी असतो. वेगवेगळ्या बाजारांसाठी आणि जिल्ह्यांसाठी वेगवेगळी मंडळे आहेत.

काम साधारण असे चालते:

१. व्यापारी, कारखानदार किंवा गोदामवाला मंडळाकडे मालक म्हणून नोंदणी करतो. कामगारही नोंदणी करतो. त्याला ओळखपत्र मिळते आणि तो एका टोळीत येतो.

२. टोळी काम करते. मजुरीचे दर बहुधा संघटना आणि मालक यांच्यातल्या करारातून ठरतात.

३. मालक मजुरी कामगाराच्या किंवा मुकादमाच्या हातात न देता मंडळाकडे भरतो. मजुरीवर ठरावीक टक्के 'लेव्ही' वेगळी भरतो.

४. मंडळ मजुरी कामगारांना देते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, वैद्यकीय मदत अशा गोष्टींची तरतूद होते.

एक उदाहरण पाहू. समजा, एका टोळीने एका व्यापाऱ्याचे महिनाभरात १ लाख रुपयांचे काम केले आणि त्या मंडळाची लेव्ही ३० टक्के आहे. तर व्यापाऱ्याने मंडळाकडे १ लाख ३० हजार रुपये भरायचे. १ लाख रुपये मजुरी म्हणून टोळीत वाटले जातील. वरचे ३० हजार कामगारांच्या रजा, बोनस, निर्वाह निधी आणि इतर लाभांसाठी. लेव्हीचा दर प्रत्येक मंडळात वेगळा असू शकतो.

यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. कामगार महिन्यात दहा व्यापाऱ्यांकडे राबला, तरी त्याचा निर्वाह निधी एकाच खात्यात साठत जातो. दहा मालकांचे थोडे थोडे मिळून एका नोकरीइतके होते.

सुरक्षिततेचे काय?

कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाई, वेळेवर मजुरी आणि महिला कामगारांना प्रसूती लाभ देणारे त्या वेळचे केंद्रीय कायदे या कामगारांना लागू होतील, अशी स्पष्ट तरतूद माथाडी कायद्यात करण्यात आली.

पण हमालाच्या सुरक्षिततेचा रोजचा प्रश्न गोणीच्या वजनाचा आहे. एके काळी धान्याचे पोते म्हणजे १०० किलो, हे गृहीतच होते. ते पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे आणि थप्पी लावायची. मणका, गुडघे आणि मान यांची झीज ठरलेली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनाविषयी करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवलेली आहे. भारताने हा करार २०१० साली स्वीकारला. महाराष्ट्रातल्या हमाल-माथाडी संघटनांची मागणी '५० किलोपेक्षा जास्त वजनाची गोणी नको' अशी आहे. तरीही कांदा-बटाट्याच्या गोण्या त्याहून जड येतात आणि त्यावरून नवी मुंबईच्या बाजारात कामगारांनी अलीकडच्या काळातही काम थांबवले आहे. बातमीत 'मार्केट बंद' एवढेच दिसते. कारण मात्र अनेकदा एका गोणीतले वरचे दहा-वीस किलो असतात.

हे सगळे नुसत्या कायद्याने झाले का?

नाही. मंडळ मजुरी वाटते, पण मजुरीचा दर वाढवून घेते ती संघटना. कराराची मुदत संपली की नवा दर मागायचा कुणी? एखादा व्यापारी नोंदणीच करत नसेल तर तक्रार करायची कुणी? मंडळावर कामगारांच्या बाजूने बोलायचे कुणी? या प्रत्येक ठिकाणी संघटना लागते. एकट्या हमालाने 'जड गोणी उचलणार नाही' म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याला काम नसते. पूर्ण बाजाराने म्हटले तर गोणीचे वजन कमी होते.

याचे परिणाम डोळ्यांना दिसतात. मुंबईतला घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशीला हलला, तेव्हा कामगारही तिकडे गेले. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या. माथाडींची स्वतःची पतपेढी आणि रुग्णालय झाले. पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र चालवले. ज्यांच्या आजोबांनी गाळ्याच्या पायरीवर रात्री काढल्या, त्यांची नातवंडे नवी मुंबईत हक्काच्या घरात वाढली. दरवर्षी २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, माथाडींचा मेळावा भरतो आणि सर्व पक्षांचे नेते तिथे हजेरी लावतात, ते या संघटित ताकदीमुळेच.

पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात?

हा प्रश्न टाळता येत नाही. बाजार समितीत माल विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई, भराई, वाराई असे शब्द दिसतात. वाराई म्हणजे ट्रकमधून माल उतरवण्याचा खर्च. यातले काय शेतकऱ्याने द्यायचे, काय व्यापाऱ्याने आणि काय वाहतूकदाराने, यावर सतत ओढाताण चालते. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या अशाच वादामुळे बंद राहिले होते.

अशा वेळी शेतकरी विरुद्ध हमाल असे चित्र रंगवले जाते. पण दोघेही बहुतेक वेळा एकाच गावाकडची माणसे असतात. लेव्ही ही काम करून घेणाऱ्या नोंदणीकृत मालकाने भरायची रक्कम आहे. ती गुपचूप शेतकऱ्याच्या पट्टीत ढकलली गेली, तर तो दोष कामगाराचा नसतो.

मग 'बोगस माथाडी' हा काय प्रकार आहे?

तक्रारी खोट्या आहेत असे नाही. माथाडीच्या नावाखाली गुंड टोळ्या औद्योगिक वसाहतींत आणि गोदामांत घुसतात, काम न करता पैसे मागतात, अशा तक्रारी उद्योजकांनी वारंवार केल्या आहेत. कामगार संघटनांचे म्हणणे असे की या लोकांमुळे खरा माथाडी बदनाम होतो आणि त्याच्या वाट्याचे कामही जाते.

केरळमध्येही हा प्रश्न होता. तिथे काम न करता नुसते उभे राहून घेतल्या जाणाऱ्या पैशाला 'नोक्कुकूली' म्हणजे बघण्याची मजुरी असे नावच पडले होते. केरळ सरकारने २०१८ साली ती प्रथा बंद केली, पण हमाल कामगारांचा १९७८ चा कायदा ठेवला.

महाराष्ट्रात २०२३ साली माथाडी कायद्यात बदल करणारे विधेयक विधिमंडळात आले. गैरप्रकार रोखणे हे त्यामागचे कारण सांगितले गेले. माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. बोगस लोकांना आवरण्याच्या निमित्ताने कायद्याचे मूळ संरक्षणच पातळ होईल, अशी त्यांची भीती होती.

खरा आणि बोगस यांतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. खऱ्या माथाडीचे ओळखपत्र मंडळाचे असते, त्याने केलेल्या कामाची नोंद असते आणि त्याची मजुरी मंडळाकडे भरली जाते. न केलेल्या कामाचे पैसे रोख मागणे हा माथाडी कायदा नाही. तो गुन्हा आहे आणि त्याची जागा पोलिस ठाण्यात आहे.

डिलिव्हरी कामगारांशी याचा काय संबंध?

ॲपवरून जेवण किंवा किराणा आणणाऱ्या तरुणाला कंपनी 'कामगार' म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. कंपनी म्हणते, आम्ही फक्त ग्राहक आणि पार्टनर यांची गाठ घालून देतो. हॉटेल म्हणते, तो आमचा माणूस नाही. ग्राहकाला तर त्याचे नावही आठवत नाही. दाणाबंदरातला तोच जुना प्रश्न: मालक कोण?

म्हणूनच या कामगारांसाठी कायदे करताना मंडळ आणि लेव्हीची कल्पना पुन्हा पुढे आली. राजस्थानने २०२३ साली देशातला असा पहिला राज्य कायदा केला. कर्नाटकने २०२५ साली कायदा करून कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्काची तरतूद केली. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, असे म्हटले आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

महाराष्ट्रातच हा साचा आधी एकदा वापरून झाला आहे. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ साली याच धर्तीवर कायदा झाला आणि सुरक्षा रक्षक मंडळे आली.

मात्र एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा. माथाडी मंडळात कामगाराची मजुरीच मंडळातून जाते आणि तिचा दर वाटाघाटीतून ठरतो. डिलिव्हरी कामगारांच्या नव्या व्यवस्थेत भर आहे तो कल्याण निधीवर. एका फेरीचे किती पैसे मिळणार, हे अजूनही ॲप ठरवते. विमा मिळेल, पण उद्या दर कमी झाला तर समोर बसून बोलणार कोण? माथाडी कायद्याची अर्धी गोष्ट उचलली आणि संघटनेची अर्धी सोडून दिली, तर निकालही अर्धाच येईल.

माथाडी कायदा आज पुरेसा आहे का?

अडचणी कमी नाहीत. नोंदणीकृत टोळीच्या शेजारी नोंदणी नसलेले मजूर कमी पैशात तेच काम करताना दिसतात. काही मालक नोंदणीच टाळतात, तर काही नोंदणी करून खरा हिशेब दाखवत नाहीत. गोदामांत फोर्कलिफ्ट आणि पट्टे आले, ठेकेदारामार्फत माणसे घेण्याचे प्रमाण वाढले. माल निवडणाऱ्या आणि साफ करणाऱ्या महिलांचे काम कायद्याच्या यादीत बसते, पण मोर्चाच्या फोटोत आणि नेतृत्वात त्या क्वचित दिसतात.

सामान्य माणूस काय करू शकतो?

दुकान, गोदाम किंवा कारखाना चालवत असाल, तर आपल्या भागातल्या माथाडी मंडळाकडे चौकशी करून नोंदणी करा. मजुरी मंडळामार्फत भरली की पुढचा वादही टळतो.

घरी जड सामान येणार असेल, तर मजले, लिफ्ट आणि वजन आधीच सांगून दर ठरवा. काम झाल्यावर घासाघीस करू नका.

स्वतः अंगमेहनतीचे काम करत असाल, तर रोजच्या कामाची नोंद ठेवा: तारीख, जागा, किती नग, किती पैसे. वाद झाला तर हीच वही कामी येते. संघटना करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिले आहे. कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी किमान ७ सदस्यांनी अर्ज करावा लागतो. सोबत त्या ठिकाणच्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल, तितके सदस्य लागतात.

'माथाडींची दादागिरी' असा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा. त्यातली माणसे मंडळाच्या नोंदीतली आहेत का? आणि ती केलेल्या कामाचे पैसे मागताहेत की न केलेल्या? दुसरे असेल तर तक्रार जरूर करा. पहिले असेल, तर ती दादागिरी नाही. ती मजुरी आहे.

आणि पुढच्या वेळी बाजार बंद असल्याची बातमी आली, की कांदा किती महागला याच्या जोडीला एवढेही वाचा: मागणी काय होती? कधी ती दराची असेल, कधी थकलेल्या लेव्हीची. आणि कधी फक्त एवढीच, की गोणी ५० किलोची असावी.